पुस्तकातली पेशी आणि काचपट्टीवरची पेशी

(जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पदवीच्या पहिल्या वर्षी माझ्या जर्नलमध्ये काढलेली पहिलीच आकृती खोटी होती. कांद्याचा पापुद्रा होता, आयोडीनचा थेंब होता, कव्हर स्लिप ठेवली होती. मायक्रोस्कोपात डोकावलो तर जाड काळ्या कडांची गोल गोल वर्तुळं दिसली. मला वाटलं, याच पेशी. मी मोठ्या आनंदाने पाच-सहा वर्तुळं काढलीसुद्धा. मग शेजारच्याच्या वहीत डोकावलो. त्याच्याकडे विटांच्या भिंतीसारख्या नीट लांबट पेशी, प्रत्येकीत एक ठिपका. पुस्तकातही तसंच. मी काढलं होतं ते हवेचे बुडबुडे होते. आता खरं म्हणजे स्लाइड पुन्हा करायला हवी होती. मी काय केलं? खोडरबर काढला, वर्तुळं पुसली आणि पुस्तक मांडीवर घेऊन त्यातली आकृती उतरवली. त्यावर लाल शाईत शेरा मिळाला, ‘सुबक’.

त्या ‘सुबक’चं मला आजही वाईट वाटतं. मी त्या दिवशी कांद्याची पेशी पाहिलीच नव्हती, आणि तरीही मला ती कशी दिसते हे ‘माहीत’ होतं. पुढची काही वर्षं तुम्ही जे शिकणार आहात त्यातला सगळ्यात अवघड भाग या दोन गोष्टींमधल्या फटीत आहे. नावं पाठ करणं त्यामानाने सोपं.

तुम्ही म्हणाल, हे पोराटोरांचं झालं, मोठे शास्त्रज्ञ असं करत नाहीत. म्हणून एक गोष्ट सांगतो, जरा सविस्तर.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? ४६, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पण १९२३ पासून पुढची तीस-बत्तीस वर्षं जगभरच्या पुस्तकांत हा आकडा ४८ होता. थिऑफिलस पेंटर नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने तो दिला होता. पेंटर निष्काळजी मनुष्य नव्हता. त्याच्याकडे ऊतींचे पातळ काप होते, आणि त्यात गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसलेली. ताटलीभर शेवया फोटोत पाहून मोजा म्हटल्यासारखं ते काम. गंमत अशी की १९२१ मध्ये त्यानेच लिहिलं होतं, संख्या ४६ किंवा ४८ असावी, आणि सगळ्यात स्पष्ट दिसणाऱ्या पेशींत ४६ मोजली गेली आहेत. दोन वर्षांनी तो ४८ वर स्थिरावला. एकदा आकडा छापला गेला की त्याला वजन येतं. त्यानंतर ज्यांनी मोजलं त्यांनाही ४८च सापडू लागली.

१९५२ मध्ये टी. सी. शू या संशोधकाच्या हाती अचानक एक विलक्षण स्लाइड आली. गुणसूत्रं छान सुटी सुटी पसरलेली. कारण शोधता शोधता कळलं, की पेशी धुण्याचं मिठाचं द्रावण चुकून पातळ झालं होतं. पातळ द्रावणातून पाणी पेशीत शिरलं, पेशी फुगली, आत गर्दी करून बसलेली गुणसूत्रं एकमेकांपासून लांब झाली. चूक कोणी केली ते कधीच कळलं नाही. आता शूकडे असं तंत्र होतं की ज्यात गुणसूत्रं बोट ठेवून मोजता यावीत. त्याने मोजली. ४८ असं जाहीर केलं!

मग डिसेंबर १९५५. स्वीडनमधल्या लुंड इथल्या प्रयोगशाळेत जो हिन चिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी पेशी फुगवण्याच्या या युक्तीला कोल्चिसीनची जोड दिली. कोल्चिसीन हे रसायन पेशीविभाजनात गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे तर्कूचे धागे तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन ऐन मध्यावर अडकून पडतं आणि मोजण्याजोग्या पेशी भरपूर मिळतात. वरून स्लाइड दाबून पेशी सपाट केल्या. मोजलं, ४६. पुन्हा मोजलं, ४६. १९५६ मध्ये ते छापून आलं. त्या शोधनिबंधातला एक उल्लेख मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. त्याआधी काही सहकारी माणसाच्या यकृताच्या पेशींवर काम करत होते. त्यांच्या स्लाइडमध्ये पुन्हा पुन्हा ४६च दिसत होती. ‘सगळी ४८’ काही सापडेनात, म्हणून त्यांनी ते काम थांबवलं होतं.

विचार करा. बरोबर उत्तर डोळ्यांसमोर होतं, आणि ते चुकलेलं वाटून माणसं थांबली. मी खोडरबर काढला होता, यांनी काम थांबवलं. जात एकच.

आणि या शोधाला लागलं काय, तर परासरण (म्हणजे ते पातळ द्रावणातून पेशीत पाणी शिरणं), तर्कू, रंजक द्रव्य. हे तिन्ही तुमच्या पहिल्याच वर्षाच्या अभ्यासक्रमात आहेत आणि तिन्ही तुम्हाला रटाळ वाटणार आहेत. परासरणाची व्याख्या तर तुम्ही झोपेत म्हणाल. तीच व्याख्या पेशी फुगवते आणि पुस्तकातला आकडा बदलते. आकडा पक्का झाला म्हणून १९५९ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ४७ गुणसूत्रं आहेत, म्हणजे एक जादा आहे, हे दाखवता आलं. मुळात ४८ धरून बसलो असतो तर ४७ म्हणजे एक कमी असं वाटलं असतं.

आता तुमच्या प्रॅक्टिकलकडे येऊ. कांद्याच्या मुळाचं टोक, हे प्रॅक्टिकल तुम्हाला टळत नाही. टोकाचा एक-दोन मिलिमीटरचाच भाग घ्यायचा, कारण विभाजन तिथेच चालतं. बहुतेक जण हावरटपणे लांब तुकडा घेतात आणि मग म्हणतात, काहीच दिसत नाही. सौम्य आम्लात पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या, रंग द्यायचा, टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा जरी आडवा सरकला तरी सगळं लोळून जातं. हे हाताला येईपर्यंत दहा स्लाइड बिघडतात. बिघडू द्या.

स्लाइड जमली की सगळे पहिलं काय शोधतात? पुस्तकात असते तशी देखणी मध्यावस्था, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत आलेली. ती सापडली की काढली, संपलं. मी मुलांना सांगतो, शोधू नका, मोजा. एका बाजूने सुरुवात करा आणि समोर येईल ती प्रत्येक पेशी कोणत्या अवस्थेत आहे ते टिपत चला. दोनशे पेशी मोजा. सुरुवातीला वैताग येतो, कारण बहुसंख्य पेशी काहीच करत नसल्यासारख्या दिसतात. पण तो कंटाळाच तुमचं मोजमाप आहे. मुळातल्या पेशी एकाच ठोक्यावर विभागत नाहीत, प्रत्येकीची वेळ वेगळी. त्यामुळे जी अवस्था जास्त वेळ टिकते त्या अवस्थेतल्या पेशी जास्त सापडणार. समजा, दोनशेपैकी सहा पेशी मध्यावस्थेत आहेत, म्हणजे शंभरात तीन. पेशीचं पूर्ण चक्र वीस तासांचं धरलं तर मध्यावस्था सुमारे ३६ मिनिटांची. मेलेल्या, रंगवलेल्या, चिरडलेल्या पेशींवरून तुम्ही वेळ सांगितलीत! हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी जेवायला विसरलो होतो.

इथे भागाकार आला, म्हणजे गणित आलं. तुमच्यातले निम्मे तरी गणिताचा पिच्छा सुटावा म्हणून जीवशास्त्राकडे आले असणार. मला कळतं, मीही त्यातलाच. पण फसवणूक झाली आहे हे लवकर कळलेलं बरं. एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू उत्तम परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. दहा तासांत तीस वेळा. एका पेशीच्या सुमारे १०७ कोटी. म्हणून तर नळीतले जिवाणू मोजायच्या आधी ते द्रावण दहा-दहा पट पातळ करत न्यावं लागतं, आणि त्या पातळ करण्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं की कागदावर जिवाणूंचा महापूर येतो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलचं घ्या. ५४७४ गोल वाटाणे, १८५० सुरकुतलेले. पुस्तक सांगतं ३:१. भागून पाहा, २.९६ येतं. मग २.९६ ला ३ कधी म्हणायचं आणि कधी म्हणायचं नाही? हा प्रश्न संख्याशास्त्राचा आहे, आणि तो सुटल्याशिवाय मेंडेल समजला असं मी तरी मानत नाही. मेंडेलने वाटाणे मोजायच्या आधी व्हिएन्नात भौतिकशास्त्र आणि गणित शिकून घेतलं होतं. शिक्षकी पेशाची पात्रता परीक्षा मात्र त्याला पास होता आली नाही. हे वाक्य निकालाच्या दिवशी घरी वापरू नका.

पाठांतराबद्दल लोक उगाच वाईट बोलतात. भाषा शिकताना शब्द लागतातच. फक्त शब्द फोडून पाहायची सवय लावा. मायटोकाँड्रियाला मराठीत तंतुकणिका म्हणतात. मुलांना तो बोजड सरकारी शब्द वाटतो. पण ग्रीकमध्ये ‘मायटोस’ म्हणजे धागा आणि ‘काँड्रिऑन’ म्हणजे कण. आपला शब्द जसाच्या तसा तेच सांगतो. ज्याने ते नाव दिलं त्याला मायक्रोस्कोपात धागे आणि कण दिसले होते, पुस्तकातली ती राजम्यासारखी आकृती नव्हे. पेशी अन्नातून ऊर्जा काढते त्या क्रेब्ज चक्रातली सगळी आम्लं मात्र मला आज ओळीने म्हणता येत नाहीत. परीक्षेपुरती पाठ करा, पण कार्बन कुठे जातो आणि ऊर्जा कुठे निघते हे मात्र विसरू नका.

या पदवीत खरं संशोधन होत नाही, ते पुढे पीएचडीला, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट १९११ मध्ये पदवीचाच विद्यार्थी होता, एकोणीस वर्षांचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळल्या जात. कोणती लक्षणं एकत्र उतरतात आणि कोणती किती वेळा फुटून वेगळी होतात याचे आकडे तिथे साठले होते. स्टर्टेव्हंटच्या डोक्यात आलं, की जी जनुकं जास्त वेळा वेगळी होतात ती गुणसूत्रावर एकमेकांपासून लांब असणार. तो आकडे घेऊन घरी गेला. त्यानेच पुढे सांगितलं आहे, की कॉलेजचा गृहपाठ बाजूला पडला, पण रात्रभरात जनुकांचा पहिला नकाशा तयार झाला. १९१३ मध्ये तो छापला गेला. त्याच खोलीत कॅल्व्हिन ब्रिजेस हा आणखी एक विद्यार्थी बाटल्या धुवायला ठेवलेला होता. बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्या लाल डोळ्यांची माशी दिसली आणि त्याची धुण्याच्या कामातून सुटका झाली. आणि हो, स्टर्टेव्हंटला रंगांधळेपणा होता. माश्यांच्या डोळ्यांचे रंग हा जिथला रोजचा धंदा, तिथे.

नोकरीचं विचारणार आहात, ते थोडक्यात सांगतो. नुसत्या या पदवीवर दारं कमी उघडतात. पुढे शिकावं लागतं किंवा जोडीला काहीतरी हातात असावं लागतं. संगणकावर माहिती हाताळता येणं, नीट लिहिता येणं, एखादं तंत्र पक्कं असणं. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून जे आले आहेत त्यांना एवढंच सांगतो, पहिलं वर्ष वेटिंग रूममध्ये बसल्यासारखं काढू नका.

(व्याख्यानानंतर मागच्या रांगेतून एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, आम्ही दिसलं तसं काढलं आणि परीक्षकाला पुस्तकातलं हवं असलं, तर मार्क कोण देणार?”)

प्रश्न रास्त आहे. मी यावर भाषण दिलं तरी मार्क माझ्या हातात नसतात, आणि कधी कधी ते जातीलही. मी स्वतः पुढे जे करू लागलो ते सांगतो. जर्नलच्या डाव्या पानावर दिसलं ते काढायचं, तारीख आणि भिंगाची शक्ती टाकून. बुडबुडे दिसले तर बुडबुडे. उजव्या पानावर पुस्तकातलं. आणि दोन्हींत फरक कुठे आहे, तो का असावा, हे खाली दोन ओळींत. उजवं पान परीक्षकाला दाखवा. बऱ्याच परीक्षकांची नजर डाव्या पानावर जाते आणि मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, तिथूनच सुरू होतो. माझ्या बाबतीत एकदा तो पाऊण तास चालला होता.

मंगळवारच्या प्रॅक्टिकलसाठी कांदे पाण्यावर ठेवले आहेत, मुळं फुटू लागली आहेत. पेन्सिल टोक करून आणा. खोडरबर चालेल, पण पुस्तक बाहेरच्या कपाटात राहील.