हरलेला मालिकावीर

(पडद्यावर: कृष्णधवल चित्रफीत. लॉस एंजेलिसचं फोरम, खचाखच भरलेलं.)

५ मे १९६९. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनल सिरीजचा सातवा, निर्णायक सामना, लॉस एंजेलिस लेकर्सच्या घरच्या कोर्टवर. मालक जॅक केंट कुक यांनी छताला हजारो फुगे टांगून ठेवलेले. लेकर्स जिंकले की फुगे खाली सोडायचे, विद्यापीठाचा बँड वाजवायचा, असा सगळा कार्यक्रम कागदावर छापूनही झाला होता. त्यातला एक कागद बॉस्टन सेल्टिक्सच्या हाती लागला आणि बिल रसेलनं तो आपल्या टीमला वाचून दाखवला. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलाच प्रकार.

रसेल तेव्हा सेल्टिक्सचा सेंटरही (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) होता आणि कोचही, आणि हा त्याचा शेवटचा सामना. त्याची टीम त्या वर्षी पूर्व विभागात चौथी आलेली. लेकर्सकडे विल्ट चेंबरलेन, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट असे तीन दिग्गज. सिरीजच्या पहिल्याच सामन्यात वेस्टनं ५३ गुण ठोकले होते. पाचव्या सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तरी सातव्यात तो उतरला. ४२ गुण, १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), १२ असिस्ट (सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास). चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला बरीच मागे पडलेली लेकर्स टीम त्यानं जवळजवळ एकट्यानं ओढून एका गुणाच्या फरकावर आणली.

मग जेमतेम मिनिटभर राहिलं असताना डॉन नेल्सनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, सरळ वर उडाला आणि पुन्हा जाळीतच पडला. नशीब लागतं ते असं. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६. फुगे छतालाच राहिले.

फायनलच्या मालिकावीराला, म्हणजे फायनल्स एमव्हीपीला, त्याच वर्षीपासून पुरस्कार द्यायला सुरुवात झाली. पहिला मानकरी जेरी वेस्ट, हरलेल्या टीमचा खेळाडू. बक्षीस म्हणून मोटार मिळाली. रंग हिरवा. सेल्टिक्सच्या जर्सीचा रंग कोणता, हे ठरवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

गंमत म्हणजे वेस्टला हे नवीन नव्हतं. दहा वर्षं आधी, १९५९ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना कॉलेजच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात तो ७१-७० असा एका गुणानं हरला होता, आणि तिथंही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच दिला गेला होता.

(पडद्यावर: फायनल्स एमव्हीपीची ट्रॉफी. एकामागून एक विजेते, प्रत्येकाच्या डोक्यावर विजेत्या टीमची टोपी.)

वेस्टनंतर आजतागायत हरलेल्या टीमच्या एकाही खेळाडूला हा पुरस्कार मिळालेला नाही. पन्नासहून जास्त वर्षं झाली. नियमात कुठेही अडकाठी नाही, पण रीतच पडून गेली आहे. चषक ज्यांचा, मालिकावीरही त्यांचाच. चाहता म्हणून माझं भांडण आहे ते या रीतीशी.

आपल्याकडे हे कळायला अवघड जाऊ नये. २०२३ च्या विश्वचषकात अहमदाबादला फायनल हातची गेली, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ७६५ धावा करणारा विराट कोहलीच ठरला. "हरलेल्याला कसं काय?" असं कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आता थोडं मतदानाबद्दल. एनबीएत दोन वेगळे एमव्हीपी असतात आणि वाद घालणारे निम्मे लोक इथंच घोळ करतात. एक नियमित हंगामाचा, ८२ सामन्यांचा. १९८० पर्यंत तो खेळाडूच मत देऊन निवडत, नंतर हे काम पत्रकारांकडे गेलं. हल्ली शंभर जण प्रत्येकी पाच नावं क्रमानं लिहितात; पहिल्या नावाला १० गुण, मग ७, ५, ३ आणि १. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, सुरू होण्याआधीच मतपेटी बंद. दुसरा फायनलचा, आणि तिथं मतं फक्त अकरा.

पहिल्या पुरस्काराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. २०२३-२४ पासून त्यासाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आली. जरा ताठर आहे, पण चालेल. लोक मात्र १९९५ चं उदाहरण तोंडावर फेकतात. ते आहेही तसंच मसालेदार.

(पडद्यावर: सॅन अँटोनियो, मे १९९५.)

त्या वर्षीचा एमव्हीपी सॅन अँटोनियो स्पर्सचा डेव्हिड रॉबिन्सन. पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये गाठ ह्यूस्टन रॉकेट्सशी, म्हणजे आदल्या वर्षीच्या एमव्हीपीशी, हकीम ओलाजुवानशी. दुसऱ्या सामन्याआधी भर कोर्टवर, ओलाजुवानच्या डोळ्यांदेखत, रॉबिन्सनच्या हातात ट्रॉफी दिली गेली. मग सामना सुरू झाला आणि ओलाजुवाननं ४१ गुण काढले. पाठ रिंगकडे, खांद्याची एक हूल इकडे, एक तिकडे. रॉबिन्सन हवेत, आणि हा त्याच्या बगलेतून पुढे. सिरीजभर हेच. रॉकेट्स ४-२ नं जिंकले आणि पुढे फायनलमध्ये ऑर्लँडो मॅजिकला ४-० नं धुतलं.

म्हणून रॉबिन्सनचा पुरस्कार चुकला का? मला नाही वाटत. स्पर्सनी त्या हंगामात ६२ सामने जिंकले होते, रॉकेट्स पश्चिमेत सहावे होते. प्रश्न हंगामाचा होता, उत्तरही हंगामाचंच आलं. तोच न्याय फायनलला लावा एवढंच म्हणणं आहे. तिथं प्रश्न असतो की या चार ते सात सामन्यांत सगळ्यात भारी कोण खेळला.

(पडद्यावर: क्लीव्हलंड, जून २०१५.)

आणि हा प्रश्न विचारला की २०१५ ला उत्तर नाही. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलंड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलंडचा केव्हिन लव्ह पहिल्याच फेरीत खांदा निखळून बाहेर. फायनलच्या पहिल्या सामन्यात कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी फुटली. उरला लेब्रॉन जेम्स, आणि त्याच्या सोबतीला मॅथ्यू डेलाव्हेडोव्हासारखे घाम गाळणारे, पण स्टार नसलेले गडी. तेवढ्यावर दुसरा सामना त्यांनी ओव्हरटाइममध्ये वॉरियर्सच्या कोर्टवर काढला. लेब्रॉन ३९ गुण, १६ रिबाउंड, ११ असिस्ट. तिसरा घरी जिंकून सिरीज २-१.

तिथून वॉरियर्सचे कोच स्टीव्ह कर यांनी डाव फिरवला. चौथ्या सामन्यात उंच सेंटर अँड्र्यू बोगटला बसवलं आणि त्या हंगामात एकदाही पहिल्या पाचात न उतरलेल्या आंद्रे इगोडालाला सुरुवातीपासून खेळवलं. टीम बुटकी झाली, पण वेगवान झाली. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सचे. मालिकावीर इगोडाला. सात मतं त्याला, चार लेब्रॉनला. वॉरियर्सचा सगळ्यात मोठा स्टार स्टीफन करी, त्याला एकही नाही!

इगोडालाचं श्रेय मी काढून घेत नाही. लेब्रॉनला त्याच्याइतकं कुणी छळलं नाही. लेब्रॉनचे निम्म्याहून जास्त शॉट चुकले, हेही खरं. पण दर सामन्याला जवळपास ४६ मिनिटं धावणाऱ्या, दमलेल्या माणसाचे ते शॉट होते. दुसरं मारणार कोण? सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट. दोन्ही टीम मिळून तिन्ही गोष्टींत पहिला तोच. इगोडालाचे गुण सरासरी १६.३. ज्याला थोडंफार रोखलं म्हणून पुरस्कार मिळाला, त्या माणसानं तुमच्या दुपटीहून जास्त गुण केले, तर मग मालिका गाजवली कुणी?

पुढच्या वर्षी क्लीव्हलंडनं १-३ अशा पिछाडीवरून हीच वॉरियर्स टीम हरवली. लेब्रॉन मालिकावीर झाला आणि २०१५ चा विषय लोकांनी मिटवून टाकला. करीला हा पुरस्कार २०२२ मध्ये बॉस्टनविरुद्ध मिळाला, तोही एकमतानं. हिशेब चुकता झाला म्हणतात. मला हे पटत नाही. २०१५ चं देणं २०१६ मध्ये फिटत नाही, ती दुसरी सिरीज होती.

दोष मत देणाऱ्यांचा कमी, पद्धतीचा जास्त. अकरा माणसं, आणि शेवटचा भोंगा वाजल्यावर काही मिनिटांतच नाव जाहीर. वरून सोनेरी कागद पडताहेत, मंच विजेत्यांसाठी सजलेला, अशा वेळी हरलेल्या टीमच्या ड्रेसिंग रूममधून माणूस बोलावून आणायचा म्हणजे टीव्हीवाल्यांची पंचाईत. म्हणून माझं म्हणणं, हा पुरस्कार त्या रात्री देऊच नका. दोन दिवस जाऊ द्या. आणि मतं घ्या ती दोन्ही टीमच्या खेळाडूंची, अट एकच: आपल्या टीममधल्या कुणाचं नाव लिहायचं नाही. २०१५ मध्ये वॉरियर्सच्या खेळाडूंनी कुणाचं नाव लिहिलं असतं, यावर माझी पैज लावायची तयारी आहे.