भरतीबरोबर जा, सुकतीबरोबर या

श्रोतेहो, नमस्कार.

पौष पौर्णिमेची सकाळ. गोव्यात रायबंदरच्या धक्क्याजवळ आम्ही चौघे मांडवीत कयाक सोडत होतो. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद, हलकी होडी. वल्ह्याच्या दोन्ही टोकांना पाती असतात. आमच्या पुढे, आपल्या होडीत, चोडण बेटावरचे एक काका होते. त्यांचं सारं आयुष्य या पाण्यावर मासेमारीत गेलेलं. निघायची वेळ त्यांनीच ठरवली होती, तीही पंचांग बघून.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक असतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरापर्यंत पाणी आपल्याला वर, पूर्वेकडे नेणार आणि नंतर सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तेच पाणी परत आणणार. काका म्हणाले, "हाताच्या जोरावर जाऊ नका. पाणी नेईल तसं जा."

आधी पलीकडे चोडणच्या पश्चिम टोकाला गेलो. तिथे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. 1987 साली सलीम अली गेले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम 178 हेक्टरांचं, सगळं खारफुटीचं. आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती काढलेली होती. फाट्यात वळलो आणि नदीवरचा फेरीबोटीचा आवाज मागे पडला. पाणी अजून अर्धंच चढलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंना चिखल उघडा होता आणि त्यावर निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. कांदळाची मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, तिवराची चिखलातून वर डोकावणारी. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. त्याच्या हिरव्या, लांब शेंगा डोक्यावर लोंबत होत्या. कयाकला वीतभर पाणी पुरतं, म्हणून इतक्या जवळ जाता येतं. एक खंड्या आमच्या पुढे पुढे, या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहिला. कोणी बोललं नाही. बोलावंसं वाटलंच नाही.

मग नदीत परतलो आणि भरतीवर स्वार होऊन चोडण आणि दिवाडी या दोन बेटांच्या मधल्या पाण्यात शिरलो. डावीकडे चोडण, उजवीकडे दिवाडी, पुढे नार्वे. हे नाव दोन्ही काठांवर आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात दिवाडी बेटावरच्या नार्व्यात होतं. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी शिवलिंग नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत नेलं. तिथे अजून पोर्तुगीजांची सत्ता पोचलेली नव्हती. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या नव्या जागी देऊळ बांधवून घेतलं. हे मी शाळेपासून वाचत आलो होतो. पण नदीच्या मधोमध वल्हं आडवं धरून थांबलो, एकदा या काठाकडे, एकदा त्या काठाकडे पाहिलं आणि पोटात कालवलं. एवढंसं पाणी! त्या माणसांना देव घेऊन एवढंसंच पाणी ओलांडायचं होतं, आणि ते त्यांनी ओलांडलं.

नार्व्याच्या धक्क्यावर डबे उघडले. हिशेबापेक्षा थोडं उशिरा, बारा वाजून गेले तसं पाणी क्षणभर थबकलं, आणि काठाजवळची पानं हळूच उलट्या दिशेने वाहू लागली.

परतताना काकांनी दिवाडीच्या काठावरचं एक मानस दाखवलं. श्रोतेहो, या बेटांवरची भातशेतं म्हणजे खाजन जमीन. भरतीच्या वेळी ही शेतं नदीच्या पाण्यापेक्षा खाली असतात. चिखलाचा बांध, त्याला चिऱ्यांचा आधार, आणि बांधात मध्ये मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की नदीचं पाणीच दारं दाबून बंद करतं. सुकतीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. दार उघडायला माणूस लागत नाही. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी हे बांध राखले, आणि खाऱ्या मातीत तग धरणारा कोरगुट भात पिकवला. आम्ही पाहिलं तेव्हा आतलं पाणी जोरात बाहेर पडत होतं. तिथे ओढ फार असते, म्हणून काकांनी आम्हाला लांबूनच जायला लावलं.

थोडं पुढे बांध खचलेला दिसला. आत भात नव्हता. खारफुटी वाढली होती. खारफुटी मला मनापासून आवडते, सकाळभर मी तिच्यातच रमलो होतो. तरी तिथे तिला पाहून वाईट वाटलं. एकदा बांध फुटला की खारं पाणी शेतात बसतं, आणि ते शेत पुन्हा गोडं करायला वर्षं जातात. काका म्हणाले, "पूर्वी बांधाला भोक पडलं की अख्खा वाडा धावायचा. आता धावायला घरात माणसं नाहीत."

रायबंदरला पोचलो तेव्हा धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. सकाळी आम्ही जिथून कयाक सोडल्या, तिथे आता ओला चिखल होता आणि त्यात आमच्याच पावलांशेजारी बगळ्याची पावलं उमटली होती. आम्ही गुडघाभर चिखलातून कयाक ओढत वर आणल्या. काकांनी मात्र आपली होडी वळवली. अजून सुकती होती आणि त्यांना चोडणच्या मानशीवर जाळं लावायचं होतं.

नमस्कार.