चढ पोराच्या पायाने मोजायचा

तर मंडळी, मला हमखास विचारतात की लहान मूल घेऊन डोंगरात जायचं तर किती किलोमीटरचा रस्ता धरायचा. १८९२ साली विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशोब सांगितला होता, तासाला ३ मैल आणि वर दर २००० फूट चढाईला एक तास जादा, आजही लोक त्यावरून वेळ काढतात. पण तो धडधाकट मोठ्या माणसाचा हिशोब आहे हो, साडेतीन वर्षांच्या पोराला तो लावूच नका. माझा लेक एकदा पायवाटेवर उकिडवा बसला, मुंग्या नाकतोड्याचा पंख ओढत नेत होत्या, पंख उभा धरलेला अगदी शिडासारखा, आणि तो बिळात जाईपर्यंत गडी हलला नाही. आम्ही वरपर्यंत गेलोच नाही त्या दिवशी. म्हणून मी किलोमीटर ठरवतच नाही, परत फिरायची वेळ तेवढी ठरवते, आणि ती झाली की टोक समोर दिसत असलं तरी मागे वळायचं.

आता कॅरिअरचं, म्हणजे पोराला पाठीवर बसवून न्यायच्या सॅकचं सांगते, कारण इथे भलेभले चुकतात, मीही चुकलेय. पोर पाठीवर, मी चढ चढतेय, घामाने शर्ट चिंब, आणि मला वाटतंय काय उकडतंय आज. वर पोचून त्याला खाली घेतलं तर पावलं बर्फासारखी गार! अहो, चालत मी होते, तो नुसता बसलेला, त्याच्या अंगात ऊब कुठून येणार? त्यात लहान मुलाचं अंग वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त उघडं पडतं त्यामुळे ते लवकर गार होतं, आणि हवा तर दर १००० मीटरला साधारण ६.५ अंशांनी थंड होत जाते. तेव्हापासून मी मधेमधे थांबून त्याच्या मानेवर मागून हात ठेवून बघते, त्याला उतरवून पाय मोकळे करायला लावते, एक सुका कपड्यांचा जोड कायम बॅगेत. आणि थंडीत पोर गप्प झालं तर झोपलं असेल म्हणून पुढे चालत राहू नका, आधी थांबून बघा.

अजून एक, हे मनावर घ्याच. १९८१ साली दक्षिण कॅलिफोर्नियात पालोमार डोंगरावर ९ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि वाचला नाही, त्याला शोधायला गेलेल्या लोकांनी मग मुलांना शिकवायला सुरुवात केली की हरवलास तर भटकू नकोस, एका झाडाला धरून तिथेच थांब. आम्ही त्याचा खेळच केलाय. शिट्टी लेकाच्या गळ्यात, सॅकमध्ये नाही, बाबा लांबून लक्ष ठेवून, मी वळणाआड जाते, तो झाडाला मिठी मारून जीव खाऊन शिट्टी वाजवतो आणि मी समोर येऊन उभी राहीपर्यंत झाड सोडत नाही.