इंजिन ठोकायला लागलं की…

नमस्कार श्रोतेहो.

जुनी गाडी घेतली, चार महिने छान चालली आणि एक दिवस चढावर इंजिनाच्या पोटातून जड टक-टक ऐकू यायला लागली. इंजिन रेस केलं की टक-टकही भरभर. अशा वेळी आपण म्हणतो, "हळूहळू गॅरेजपर्यंत तर नेऊ." मीही तशीच नेली होती, म्हणून कळकळीनं सांगते: इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि गाडी टोचन करून न्या.

अशा जड टक-टकीमागे अनेकदा इंजिनातलं बेअरिंग असतं. बेअरिंग म्हटलं की आपल्याला सायकलच्या चाकातले छर्रे आठवतात. इंजिनातलं हे बेअरिंग वेगळं. पिस्टनला जोडलेला दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड; तो क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, जिथे धरतो, तिथे दोन पातळ अर्धगोल पट्ट्या असतात. त्यांना शेल म्हणतात. पाठ पोलादाची, आतून मऊ मिश्रधातूचा थर. मऊ अशासाठी, की झीज झालीच तर शेलची व्हावी, क्रँकची नाही. एरवी दोघं एकमेकांना टेकतही नाहीत, मध्ये तेलाचा पडदा असतो. जागा किती? साधारण 0.05 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाएवढी. तेल कमी पडलं, घाण झालं किंवा दाब उतरला की पडदा तुटतो, शेल झिजतो आणि मोकळा झालेला रॉड क्रँकवर आपटायला लागतो. तीच ती टक-टक.

सुरुवातीलाच थांबलात तर कधीकधी नुसत्या शेलवर भागतं. काही गाड्यांत तर इंजिन न उतरवता, खालचा ऑइल चेंबर काढून ते बदलता येतात. चालवत राहिलात तर क्रँकवर चरे पडतात. मग क्रँक काढा, ग्राइंडिंगला पाठवा, 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचे जाड शेल बसवा. आणखी रेटलंत तर रॉड तुटून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, भोक पाडू शकतो.

माझ्या मेकॅनिकनं चेंबर खोलून शेल माझ्या तळहातावर ठेवला. करडा थर जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. शेल जागा सोडून फिरलाही होता, त्याला अडवणारी इवलीशी जिभली सपाट झाली होती. "ताई, क्रँकवर नख फिरवून बघा," तो म्हणाला. नख अडकलं. खर्च कुठून कुठे गेला, ते त्या नखाला कळलं.

पण प्रत्येक ठोका बेअरिंगचाच असतो असं नाही. ढिली पुली, फ्लायव्हील, इंजेक्टर यांचेही आवाज फसवतात. म्हणून इंजिन खोलायला होकार देण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. गेज लावून तेलाचा दाब मोजायला सांगा. तेलाचा फिल्टर कापून आत धातूची चमक आहे का, ते बघा. आणि एकेका सिलिंडरचा स्पार्क किंवा इंजेक्टर क्षणभर बंद करून ऐका. ज्याच्या वेळी ठोका हलका होतो, दुखणं बहुतेक तिथेच असतं.

यापुढचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: बेअरिंग का गेलं? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवे शेल बसवू देऊ नका. तेलाच्या पंपाची जाळी गाळानं तुंबली होती का? तेलात कूलंट उतरत होतं का? तेल चुकीच्या ग्रेडचं होतं का? तेलाच्या वाहिन्या आणि ऑइल कूलर नीट धुतले नाहीत, तर जुन्या शेलचा चुरा नव्या शेलला खातो.

दुसरं जुनं इंजिन टाका, असाही सल्ला मिळतो. ब्लॉक धड असेल तर माझं मत आपलंच इंजिन बांधून घ्यावं असं आहे, कारण त्या दुसऱ्याची बेअरिंग तरी कुणी पाहिलीयत? मात्र क्रँकची मापं हातात येईपर्यंत काहीच ठरवू नका.

जे आता गाडी बघताय, त्यांनी ती रात्रभर उभी राहिल्यावर, थंड इंजिनावर सुरू करून बघा. घट्ट तेल घालून ठोका काही काळ दाबता येतो. चावी फिरवल्यावर तेलाचा लाल दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर तो का लागत नाही ते शोधा.

काम झाल्यावर मी पहिलं तेल लवकरच बदलून घेतलं आणि फिल्टर माझ्यासमोर कापायला सांगितला. कागदाची एकेक घडी उन्हात धरून पाहिली. काळं तेल होतं, चमक कुठेच नव्हती.