काठीच्या टोकावर टेकून

बंधुभगिनींनो,

मी आता ७६ वर्षांचा आहे. हातात काठी घ्यायला मी तब्बल दीड वर्ष टाळाटाळ केली. गुडघा साथ देत नव्हता, डॉक्टरांनी सांगून झालं होतं, मुलानं काठी आणूनही ठेवली होती. ती दाराआड उभी आणि मी भिंत धरून चालतोय. मनात एकच की काठी घेऊन उपासनेला गेलो तर लोक उठून मला जागा देतील. जन्मभर दुसऱ्यांना जागा करून दिली, ते मला सोसवेना. मग एका रविवारी प्रभुभोजनासाठी पुढे जाताना पाय लटपटला आणि मागच्या बाकावरच्या एका पोरानं मला सावरलं. घरी आल्यावर मी मुकाट्यानं ती काठी उचलली. त्यानंतर पवित्र शास्त्रातली एक काठी माझ्या मनात घर करून बसली आहे.

ती काठी इस्राएल लोकांचा पूर्वज याकोब याची. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात तो देवाला म्हणतो की ही यार्देन नदी मी ओलांडली तेव्हा माझ्याजवळ फक्त काठी होती. खरंच होतं ते. आंधळ्या बापाला फसवून, भावाचा आशीर्वाद लुबाडून तो घरातून पळाला होता. तेव्हा त्याच्या हातातली ती काठी वाट तुडवण्यासाठी होती, टेकण्यासाठी नव्हे. पण त्याच अध्यायात यब्बोक ओढ्यापाशी त्याची देवाशी रात्रभर झुंज होते, त्याच्या मांडीचा सांधा निखळतो आणि सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत निघालेला असतो. आशीर्वाद मिळाला आणि लंगडणंही मिळालं, एकाच रात्री, एकाच हातून. पुढे तो पाय बरा झाला असं शास्त्रात कुठंही लिहिलेलं नाही.

पुढचे पल्ले तुम्हाला ठाऊक आहेत. त्याची पत्नी राहेल वाटेतच बाळंतपणात गेली. तिचा १७ वर्षांचा मुलगा योसेफ नाहीसा झाला आणि रक्तानं माखलेला त्याचा झगा तेवढा बापापुढे आला. पुढे योसेफ मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, जिवंत सापडला, आणि १३०व्या वर्षी हा म्हातारा तिथला राजा फारो याच्यासमोर उभा राहतो. फारो वय विचारतो. याकोब आपल्या आयुष्याला यात्रा म्हणतो आणि सांगतो, माझे दिवस थोडे आणि दुःखाचे गेले.

मला हे उत्तर फार जवळचं वाटतं. वय झालेल्या विश्वासणाऱ्यानं सदा हसतमुख दिसावं, साक्ष देताना फक्त उपकारच मोजावेत, असं एक ओझं आपण मंडळीत एकमेकांवर टाकत असतो. याकोब राजापुढे खरं ते बोलतो आणि त्याच भेटीत राजाला दोनदा आशीर्वाद देतो. दुःख लपवल्याशिवाय आशीर्वाद देता येत नाही, असं त्याला वाटत नाही.

म्हातारपणावरच्या प्रवचनात कालेब हमखास येतो. ८५ वर्षांचा, चाळिशीत होता तितकाच बळकट, डोंगराळ मुलूख मागणारा. देवानं त्याला ते बळ दिलं, त्याची स्तुती असो. पण ८० वर्षांचा बर्जिल्लयही शास्त्रातच आहे. दावीद राजा त्याला राजवाड्यात बोलावतो, तर तो म्हणतो, मला खाण्यापिण्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे आवाज ऐकू येत नाहीत, धन्यावर माझा भार कशाला?

भार. हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रभू मला चालता-बोलता ने, मुलांवर भार नको. मीही हीच प्रार्थना करत होतो. मग यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४६वा अध्याय पुन्हा वाचला. बाबेलची दैवतं बेल आणि नबो जनावरांच्या पाठीवर लादली आहेत आणि जनावरं दमून वाकली आहेत. त्या देवांना वाहून न्यावं लागतं. आणि लगेच परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की गर्भात होता तेव्हापासून मी तुम्हाला वाहिलं आहे आणि तुमचे केस पिकले तरी मीच वाहीन.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. म्हणजे चाळिशीत, घर चालवत असताना, मंडळीची कामं अंगावर घेत असताना, मी स्वतःच्या पायांवर उभा आहे असं समजत होतो, तेव्हाही कोणीतरी मला उचलूनच नेत होतं! मी भार कधी नव्हतो? गुडघा धडधाकट होता म्हणून ते दिसलं नाही, एवढंच. पुनरुत्थित प्रभू येशूनं आपला शिष्य पेत्र यालाही सांगितलं होतं की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवं तिथं जात होतास, म्हातारा झालास की हात पुढे करशील आणि दुसराच तुझी कंबर कसेल. त्याच्या मरणाविषयीचे ते शब्द आहेत. पण सून मोजे घालते तेव्हा मला ते आठवतात, आणि त्यापुढची आज्ञाही आठवते: माझ्यामागं ये.

आता शेवटचा प्रसंग. इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायात विश्वासवीरांची ओळ आहे. याकोबाच्या एवढ्या खटपटी आयुष्यातून लेखकानं उचललं काय? त्यानं मरतेवेळी योसेफाच्या मुलांना, आपल्या नातवंडांना, आशीर्वाद दिला आणि काठीच्या टोकावर टेकून देवाला नमन केलं, इतकंच. (उत्पत्तीत त्या ठिकाणी ‘खाट’ असं वाचतात. हिब्रूत दोन्ही शब्दांची व्यंजनं तीच आहेत. ग्रीक भाषांतरकारांनी ‘काठी’ वाचलं.) योसेफ हरवण्याआधी १७ वर्षं बापाजवळ होता, आणि मिसरात याकोबाला त्याच्याजवळ आणखी १७ वर्षं मिळाली. एकेकाळी बापाच्या आंधळेपणाचा फायदा घेणाऱ्याचे डोळे आता स्वतःच मंद झाले आहेत. नातवंडांवर तो हात अदलाबदल करून ठेवतो, उजवा हात थोरल्याऐवजी धाकट्यावर. योसेफाला वाटतं, बाबांची चूक होतेय. तो हात धरून सरकवू पाहतो. म्हातारा म्हणतो, ठाऊक आहे बाळा, मला ठाऊक आहे.

आपण आता प्रार्थनेसाठी उभे राहू. ज्यांना उठवत नाही त्यांनी बसूनच राहावं. आणि ज्यांच्याजवळ काठी आहे त्यांनी सावकाश उठावं, आम्ही थांबतो.