ग्राहकाच्या बाजूनं : गॅलाघर कंपनीची गोष्ट

(दृश्य : शिकागोतल्या रस्त्यांची जुनी छायाचित्रं)

1927 साली शिकागोत आर्थर जे. गॅलाघर यांनी विम्याच्या दलालीची स्वतःची पेढी काढली. त्याआधी ते दुसऱ्या ब्रोकरकडे विमा विकत होते. पेढी निघाली आणि दोनच वर्षांत महामंदी आली. धंदा तरीही तगला, मुलं त्यात उतरली. आज गॅलाघर हे नाव सुमारे 130 देशांत पोहोचलं आहे.

पण ही विमा कंपनी नव्हे. कारखान्याला आग लागली तर भरपाईचा पैसा गॅलाघरच्या तिजोरीतून जात नाही. ती ब्रोकर आहे. ग्राहकाला नेमका कशापासून धोका आहे ते शोधायचं, विमा कंपन्यांकडून दर मागवायचे, अटी आणि अपवाद ओळ न् ओळ वाचायचे, हप्त्यावर घासाघीस करायची आणि नुकसान झालंच तर दाव्याच्या वेळी ग्राहकाची बाजू लावून धरायची, हे तिचं काम. मोठ्या बंदराची किंवा विद्यापीठाची सगळी जोखीम एकटी विमा कंपनी सहसा घेत नाही. मग तिचे थर पाडले जातात. खालचा थर, म्हणजे ठरावीक रकमेपर्यंतची भरपाई, एका कंपनीकडे, त्यावरचे थर दुसऱ्यांकडे. ही मांडणी ब्रोकर करतो.

(दृश्य : गोदाम, मालाची चढउतार, कामगार)

या कंपनीच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते 1962 हे वर्ष. बिअ‍ॅट्रिस फूड्स ही अन्नपदार्थांची बलाढ्य कंपनी गॅलाघरची ग्राहक होती. हजारो कामगार म्हटले की किरकोळ अपघात होणारच. वर्षाला असे किती दावे येतील याचा अंदाज बांधता येतो. ज्या खर्चाचा अंदाज आधीच आहे, त्यासाठी दुसऱ्याला हप्ता कशाला द्यायचा? तेवढी जोखीम स्वतःच पेलायची आणि मोठ्या आपत्तीपुरता विमा घ्यायचा. याला स्वविमा म्हणतात.

पण मग दावे कोण हाताळणार? अपघाताची चौकशी, दवाखान्याची बिलं, वकील, जखमी कामगाराशी बोलणं, हे सगळं करायला माणसं हवीत. त्यासाठी गॅलाघर बॅसेट ही शाखा उभी राहिली. आज दावे हाताळणाऱ्या जगातल्या मोठ्या संस्थांमध्ये तिची गणना होते.

यातला धाडसाचा भाग लक्षात घ्या. ब्रोकरची दलाली हप्त्यावर ठरते. हप्ता घटला की त्याची मिळकतही घटते. असं असताना ग्राहकाला कमी विमा घ्यायला मदत करायची आणि सेवेचं शुल्क घ्यायचं! जोखीम व्यवस्थापन हा शब्द या कंपनीला शोभतो तो या कामामुळे.

1984 साली कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याच वर्षी संस्थापकांचे पुत्र रॉबर्ट गॅलाघर यांनी ‘गॅलाघर वे’ नावानं कंपनीची 25 सूत्रं लिहून काढली. 1995 पासून संस्थापकांचे नातू जे. पॅट्रिक गॅलाघर धुरा सांभाळत आहेत.

(दृश्य : इलिनॉय राज्याचं विधिमंडळ भवन)

डागही आहे, आणि तो सांगायलाच हवा. विमा कंपन्या ब्रोकरना ठरलेल्या दलालीखेरीज जास्त धंदा आणल्याबद्दल वेगळा मोबदला देत. ग्राहकासाठी झटणाऱ्याला समोरच्या पक्षाकडून बक्षीस मिळत असेल, तर त्याचा सल्ला निखळ कसा मानायचा? अमेरिकेत 2004 पासून या प्रथेची चौकशी झाली. 2005 मध्ये इलिनॉय राज्याशी समझोता करून गॅलाघरनं ग्राहकांसाठी सुमारे 2.7 कोटी डॉलर बाजूला काढले आणि असा मोबदला घेणं थांबवलं. समझोत्यानं असा मोबदला घ्यायला घातलेली बंदी पुढे 2009 मध्ये राज्यानं उठवली. ग्राहकानं ब्रोकरला ‘तुम्हाला कोण किती देतं?’ असं सरळ विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

वाढ झाली ती मुख्यतः लहानमोठ्या पेढ्या विकत घेऊन. 2021 मध्ये विलिस री हा पुनर्विम्याच्या, म्हणजे विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याच्या, दलालीचा व्यवसाय 325 कोटी डॉलरला आला. 2025 मध्ये अ‍ॅश्युअर्ड पार्टनर्स ही अमेरिकी विमा दलाली कंपनी सुमारे 1,345 कोटी डॉलरला.

(दृश्य : कोल्हापूर, सकाळी कार्यालयात शिरणारी तरुण मंडळी)

मुख्यालय इलिनॉयमधल्या रोलिंग मेडोज इथं असलं, तरी कागदपत्रांचं बरंच काम भारतात होतं. पुण्यात आणि कोल्हापुरातही. ब्रोकरनं ग्राहकासाठी जे ठरवलं, तेच पॉलिसीत उतरलंय का, एखादी अट गळली तर नाही ना, हे इथं बारकाईनं तपासलं जातं.