‘ओपन द लाइट’ असं ते का म्हणतात

मी चिनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. आज एकाच क्रियापदाबद्दल बोलणार आहे: ‘ओपन’. इतका साधा शब्द, की तो शिकवावा लागतो असं कुणाला वाटतच नाही. एकदा तास चालू असताना एका विद्यार्थिनीच्या खोलीत अंधारून आलं, तिचा चेहरा दिसेना. ती पटकन म्हणाली, ‘वेट, आय ओपन द लाइट.’

ही चूक निष्काळजीपणाची नाही. चिनीत ‘खाइ’ असं एक क्रियापद आहे. दार उघडायचं तर खाइ, दिवा लावायचा तर खाइ, गाडी चालवायची, मीटिंग घ्यायची, डॉक्टरांनी औषध लिहून द्यायचं, तरी खाइच. फूल उमलतं तेही खाइ, आणि पाण्याला उकळी फुटली की पाणी ‘खाइ’ झालं. आता शब्दकोशात याच्यासमोर ‘ओपन’ छापलेलं असेल, तर शिकणारा तोच शब्द उचलणार आणि सगळीकडे नेणार.

याचं जुनं अक्षर बघण्यासारखं आहे. दाराच्या दोन फळ्या, मधे अडसर, आणि तो काढणारे दोन हात. चीनमध्ये 1956 साली लिपी सोपी करायला घेतली, त्यात दार गेलं. अडसर आणि हात तेवढे राहिले. ते छोटं अक्षर पाहिलं की मला वाटतं, हे नुसते हात आहेत, पुढ्यात येईल ते सुरू करून देणारे. उलट क्रियेचा शब्द ‘ग्वान’. दोन्ही जोडले, ‘खाइग्वान’, की झालं भिंतीवरचं बटण.

इंग्रजी ‘ओपन’ला मात्र काहीतरी मिटलेलं किंवा झाकलेलं लागतं: दार, पेटी, डोळे, छत्री. म्हणून ‘आय ओपन्ड द टीव्ही’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल की स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं. दिव्याला ‘टर्न ऑन’ म्हणतात, कारण गॅसच्या दिव्यांच्या काळात खरोखर चावी फिरवावी लागे. विजेची सुरुवातीची बटणंही पुष्कळदा फिरवायचीच असत. आणि वायरमनच्या भाषेत तर सर्किट ‘ओपन’ झालं की दिवा विझतो!

आपल्यालाही हे परकं वाटायला नको. ‘दिवा लाव’ म्हणजे सुरू कर, आणि ‘दार लाव’ म्हणजे बंद कर. ‘लावणे’चा एकच अर्थ पाठ करून मराठी शिकणाऱ्या माणसाचे काय हाल होतील, विचार करा. ‘बंद कर’ आपण दाराला म्हणतो तसं पंख्यालाही म्हणतो. आपल्याकडे ‘क्लोज द फॅन’ ऐकू येतं ते त्यातूनच.

म्हणून मी ‘ओपन’ एकटं शिकवणं सोडलं. विद्यार्थ्यांना घरातल्या एकेका वस्तूपाशी जायला सांगते, तिला हात लावून वाक्य बोलायला लावते. फ्रीजपाशी बराच वेळ जातो. ‘ओपन द फ्रिज’ म्हणजे दार उघडलं, ‘टर्न ऑन द फ्रिज’ म्हणजे वीज सुरू केली. दोन्ही बरोबर, कामं वेगळी. शेवटी नळ. तिथे ती विद्यार्थिनी थबकली, तोटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, इथे ‘ओपन’ही चालतं आणि ‘टर्न ऑन’ही. ती इतकी खूश झाली, की तिने दोन्ही वाक्यं म्हणत नळ दोनदा सोडला.